उतारा क्रमांक सतराचे हयात लेखक

निरीक्षकांच्या मुलीला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, मैत्रिणीशी फोनवर तासभर इंग्रजीतून भांडताही येत होतं. समजत मात्र नव्हतं, असं तिच्या बारावीच्या इंग्रजीच्या बाईंचं मत होतं. तसं त्यांनी चाचणीच्या पेपरवर लाल शाईने लिहून पाठवलं होतं: "वाचन उत्तम. आकलन सुमार." न पाहिलेल्या उताऱ्यावरच्या प्रश्नांना दहापैकी चार गुण होते.

निरीक्षक मोजमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून फिरून वजनं पारखायची, दोन ग्रॅमची घट दिसली की वजन जप्त करायचं आणि बरोबर असलं तर त्यावर शिक्का मारायचा, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं चोख केलं होतं. आपल्या घरात कुठल्याही मालात साठ टक्क्यांची तूट निघावी ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

"रोज संध्याकाळी एक उतारा," त्यांनी जाहीर केलं. "वेळ लावून. मी स्वतः घेईन."

"तुम्ही?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करत असे आणि एका शब्दात पुष्कळ काही विचारायची तिला सवय होती.

"का? माझं इंग्रजी पत्र पेपरात छापून आलंय."

हे खरं होतं. पाच वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राचं कात्रण बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं होतं. पाहुण्यांना ते आपणहून दिसलं नाही तर निरीक्षक पंख्याचा वेग कमी करायला म्हणून त्या भिंतीपाशी जात आणि तिथेच उभे राहत.

परीक्षा मंडळाने काढलेला शंभर उताऱ्यांचा सराव संच घरात आला, तशी ती बातमी इमारतीतही पोचली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना सगळे बँकवाले म्हणत, जिन्यातच थांबून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचे. आयुष्यभर मी कर्जाचे अर्ज असेच वाचले." समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत निराळं होतं. चार पर्यायांतला सगळ्यात लांब पर्याय हमखास बरोबर असतो, असं त्यांनी ठामपणे सांगितलं आणि बोलता बोलता सवयीने निरीक्षकांच्या दाढेकडे पाहून घेतलं.

पहिले काही दिवस उतारे मधमाश्या, पेन्सिलीचा इतिहास, बर्फाखालचे मासे असल्या निरुपद्रवी विषयांवर होते. मुलगी उत्तरं लिहायची, निरीक्षक प्रश्नांखाली बारीक अक्षरात छापलेली, तोवर पट्टीने झाकलेली उत्तरं उघडून तपासायचे. अडचण एकच होती. तपासण्याआधी ते स्वतःही मनातल्या मनात उत्तर ठरवत, आणि ते बरेचदा चुकत असे. पेन्सिलीच्या उताऱ्यात तर मुलीला सात गुण पडले आणि वडिलांना पाच. अर्थात वडिलांचा निकाल त्यांनी कुणाला सांगितला नाही.

अशा रीतीने ते सतराव्या उताऱ्यापर्यंत आले.

मुलगी मोठ्याने वाचत होती. निरीक्षक डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या वाक्याला त्यांनी डोळे उघडले. तिसऱ्याला ते खुर्चीतून उठले. चौथं वाक्य तिच्या आधी त्यांनीच म्हटलं, आणि तेही न अडखळता.

"अगं, हे माझं आहे!"

होतं त्यांचंच. भिंतीवरची फ्रेम खाली काढून शब्द न् शब्द ताडून पाहिला. बागेतल्या बाकाबद्दलचं ते पत्र होतं. चार माणसांसाठी बनवलेल्या त्या बाकाच्या बसायच्या फळ्यांचा बराचसा भाग निखळून गेला होता आणि आता एका टोकाला जेमतेम एक माणूस बसू शकत होता. नगरपालिकेने फळ्या बसवण्याऐवजी उरलेल्या भागाला तीनदा हिरवा रंग दिला. निरीक्षकांनी त्यावर अत्यंत बोचरा, पण सभ्य असा उपरोध केला होता. चौघांच्या बाकावर आपण गेले सात महिने एकटेच बसतो आहोत, उजवीकडच्या तीन जागा रिकाम्या आहेत, आणि नगरपालिकेने त्या रिकाम्या जागांनाही रंग देण्याची कृपा करावी, असा एकंदर पत्राचा सूर होता. पत्रानंतर नगरपालिका खरोखरच हलली होती. तिने चौथ्यांदा रंग दिला.

"दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलं होतं, ते त्यांनी सुधारलेलं दिसतंय," बायको म्हणाली.

पण निरीक्षकांना आता कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. हजारो मुलं आपलं इंग्रजी वाचून परीक्षेला बसणार, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता. दहा मिनिटांत ते पुस्तक घेऊन वरच्या मजल्यावर गेले, पंधराव्या मिनिटाला समोरच्या दारात उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या फळ्यावर उतारा क्रमांक सतराची झेरॉक्स लागली. वर बँकवाल्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "आपल्या इमारतीतील लेखक." घाईघाईत झेरॉक्स काढताना त्यांनी पुढचं पानही काढलं आणि शेजारी लावून टाकलं. त्या पानावर प्रश्न होते आणि खाली बारीक अक्षरात उत्तरं.

निरीक्षकांनी ते पान तोवर पाहिलंच नव्हतं. ते त्यांनी फळ्यापाशी उभं राहून, इतर सहा जणांच्या देखत, प्रथम वाचलं.

उताऱ्याला योग्य शीर्षक द्या. उत्तर: एका म्हाताऱ्याचा बाक.

पत्र लिहिलं तेव्हा निरीक्षकांचं वय सेहेचाळीस होतं.

लेखकाचा सूर कोणता आहे? उपरोधिक, विनोदी, काव्यात्म की रडका? उत्तर: रडका.

लेखकाला खरी उणीव कशाची वाटते? फळ्यांची, नागरी सेवेची, तारुण्याची की सोबतीची? उत्तर: सोबतीची.

"सगळ्यात लांब पर्याय नागरी सेवेचा होता," डॉक्टरीणबाई हळहळल्या. "पण बरोबर नाही म्हणे."

बँकवाल्यांनी निरीक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांच्या शेजारात त्यांनी हा प्रकार कधी केला नव्हता. "बोलला नाहीत कधी," ते हळू आवाजात म्हणाले.

इथून पुढे जे घडलं त्याला निरीक्षक छळ म्हणत आणि इमारत माणुसकी म्हणे. त्याच संध्याकाळी निरीक्षक नेहमीप्रमाणे बागेत जाऊन बाकाच्या टोकाला बसले, तर दहा मिनिटांत बँकवाले आले. बाकावर जागा एकाचीच असल्यामुळे ते शेजारी उभे राहिले. त्यांनी खिशातून पेपर काढला आणि पाऊण तास उभ्याने वाचला.

"काही काम होतं का?" निरीक्षकांनी शेवटी विचारलं.

"छे. सोबत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून आल्या, त्याही उभ्या राहिल्या आणि दर पाच मिनिटांनी "आता कसं वाटतंय?" असं विचारत राहिल्या. तिसऱ्या दिवशी कळलं की बँकवाल्यांनी रीतसर वेळापत्रक केलं आहे आणि सोमवार आणि गुरुवार स्वतःकडे ठेवून बाकीचे वार वाटून दिले आहेत. शनिवार कुणालाच जमत नव्हता, तर त्यासाठी फळ्यावर वेगळी विनंती लावली होती. बागेतल्या इतर लोकांना एका बसलेल्या गृहस्थाशेजारी रोज वेगळा माणूस हात बांधून उभा दिसे, आणि हे कुणीतरी मोठे अधिकारी असावेत असा त्यांचा समज झाला. एकाने तर त्यांच्याकडे गटाराची तक्रार दिली.

घरीसुद्धा चैन नव्हतं. "मी रडका आहे का?" असं त्यांनी बायकोला चार वेगवेगळ्या वेळी विचारलं. तीन वेळा तिने नाही म्हटलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "हे चौथ्यांदा विचारताय."

निरीक्षकांनी ठरवलं, उत्तर बदलून घ्यायचं. चुकीच्या वजनावर शिक्का बसला असेल तर तो पुसावाच लागतो.

परीक्षा मंडळाच्या कचेरीत आक्षेपांची खिडकी तळमजल्यावर होती. खिडकीत बसलेल्या बाईंनी एक जाडजूड रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत सतराव्या ओळीवर आणलं.

"लेखक, अज्ञात," त्या वाचू लागल्या. "शेरा, बहुधा दिवंगत."

"मी समोर उभा आहे."

"ते मला दिसतंय हो. रजिस्टरला दिसत नाही ना."

"मग लेखक म्हणून आक्षेप घ्यायचा असेल तर?"

"लेखकाचा फॉर्म छापलेलाच नाही. आमचे लेखक येत नाहीत कधी."

"का?"

"दिवंगत असतात."

निरीक्षकांनी फ्रेमसकट आणलेलं कात्रण दाखवलं. बाईंनी ते काचेतून निरखून पाहिलं. कात्रणाखाली नाव होतं, पण पेपरवाल्यांनी आडनावाची दोन अक्षरं उलटी छापली होती. तो माणूस आणि समोरचा माणूस एकच असल्याचा दाखला लागेल, शिवाय तो माणूस हयात असल्याचा दाखला लागेल, आणि दोन्ही दाखले मिळाले तरी फॉर्म नसल्याने ते कशाला जोडायचे हा प्रश्न राहील, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. निरीक्षकांचा चेहरा पाहून त्यांनीच वाट काढली.

"घरात बारावीचं कुणी आहे का?"

"मुलगी आहे."

"मग तिच्या नावाने घ्या आक्षेप. तुम्ही पालक म्हणून सही करा. विद्यार्थ्याला आक्षेप घेता येतो. त्याच्यासाठी फॉर्म आहे, तीन रंगांत आहे."

म्हणजे स्वतःच्या पत्राचा अर्थ सांगायला निरीक्षकांना मुलीच्या परवानगीची गरज होती. मुलीने फॉर्म नीट वाचला. नंतर वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, राहू दे ना."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाळा."

"पण समजा त्यांनी उत्तर बदललं, तर माझे..." ती थांबली. "जाऊ दे. द्या पेन." आणि तिने सही केली. ती काय म्हणणार होती हे निरीक्षकांनी विचारलं नाही. त्यांचं सगळं लक्ष फॉर्मच्या चौथ्या रकान्याकडे होतं. तिथे 'आक्षेपाचे स्वरूप' लिहायला एवढीशी जागा दिली होती की त्यात फक्त 'रडका नाही' एवढंच मावलं.

सुनावणीचं पत्र यायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात मुलीच्या कॉलेजात आधीच झालेल्या सराव परीक्षेचा निकाल लागला, घरचे उतारे बंद पडले आणि बागेत उभं राहणाऱ्यांच्या वेळापत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. निरीक्षकांनी भाषणाची तयारी केली. त्यात उपरोध या अलंकारावर दोन पानं होती.

विषय समितीत तिघे जण होते. मधोमध बसलेल्या अध्यक्षबाई चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला सतत चष्मा पुसणारे प्राध्यापक होते, आणि दुसऱ्या बाजूला इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ, जे तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द टिपत होते. निरीक्षक आणि मुलगी समोर बसले.

"हा उपरोध आहे," निरीक्षकांनी सुरुवातीलाच ठणकावलं. "रिकाम्या जागांना रंग द्या, असं मी म्हटलं, ते मनापासून म्हटलेलं नाही."

"ते उताऱ्यात कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या मनात होतं."

"मन अभ्यासक्रमात नाही," चष्मेवाले म्हणाले. इतिवृत्तवाल्यांनी तेही लिहून घेतलं.

"असं बघा," अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तीन परिच्छेदांचं पत्र आहे. त्यात 'एकटा' हा शब्द तीनदा आलाय. फळी एकदाच. स्क्रूचा उल्लेख कुठेच नाही. फळ्या किती लांबीच्या हव्यात, तेही नाही. तुमचा व्यवसाय काय?"

"मोजमापे निरीक्षक," निरीक्षक म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट आपल्या बाजूची नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दोन ग्रॅमचा हिशेब ठेवला, त्याने तक्रारीत फळीचं माप दिलं नव्हतं आणि रिकाम्या जागा मात्र न चुकता मोजल्या होत्या.

"आता नियमाप्रमाणे," अध्यक्षबाईंनी फाइल उघडली, "आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका जोडून घ्यावी लागते. त्यांच्या कॉलेजने सराव परीक्षेत हाच उतारा दिला होता. ही ती पत्रिका. दहापैकी दहा."

निरीक्षकांनी वळून मुलीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका दाबून बसवत होती.

"तुमचा आक्षेप मान्य झाला तर यातले चार गुण कमी होतील, हे पालकांना माहीत आहे ना?"

पालकांना माहीत नव्हतं. दोन पानी भाषण त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"शेवटचा प्रश्न, लेखकाला काय हवं आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असा आहे. हे उत्तर आम्ही नमुना म्हणून ठेवून घेणार आहोत. वाचते." आणि अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवून मुलीचं इंग्रजी सावकाश, शब्दाशब्दाला वजन देत वाचलं. त्याचा अर्थ असा होता:

"लेखकाने बाकाबद्दल लिहिलं आहे, कारण बाकाबद्दल पेपरला पत्र लिहिता येतं. ज्याला नुसतं बसायचं असतं, तो उरलेल्या रिकाम्या जागा मोजत नाही. शेजारी बसायला कुणीतरी यावं, असं त्याला वाटतं. पण तसं सरळ म्हणण्याची त्याला सवय नाही, म्हणून तो नगरपालिकेवर चिडतो. शीर्षक मला पटत नाही. लेखक म्हातारा नाही. तो नीटनेटका आणि थोडा लाजाळू माणूस आहे, आणि विनोद करायचा प्रयत्न करतो आहे."

इतिवृत्तवाल्यांनी शेवटचं वाक्य लिहून त्याखाली रेघ मारली.

"विनोदाचा प्रयत्न," चष्मेवाल्यांनी मान हलवली. "हा मुद्दा विचारात घेता येईल."

"आक्षेप चालू ठेवायचा आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी भाषणाच्या पानांची घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एक वजन ठेवलं होतं, ज्यावर शिक्का मारायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि ते एका ग्रॅमनेही कमी भरत नव्हतं. "मागे घेतो," ते म्हणाले. "मात्र, म्हातारा शब्दाबद्दल समितीने..."

समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. पुढच्या आवृत्तीत शीर्षक 'एका मध्यमवयीन माणसाचा बाक' असं करायचं ठरलं. सुराबद्दल मात्र चष्मेवाले अडून बसले. बऱ्याच चर्चेनंतर 'रडका' काढून 'किंचित रडका' करण्यावर तडजोड झाली. आक्षेप मागे घेण्याचा फॉर्म पुन्हा तळमजल्यावर भरावा लागला. त्यात मागे घेण्याचं कारण किमान तीस शब्दांत द्यायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि "हे असंच असतं, वाचलं की समजतं माणसाला," म्हणून शिक्का मारला.

दोघं बाहेर आले. रस्त्याला सुटीच्या वेळची गर्दी होती. मुलगी एका खांद्यावर पिशवी टाकून पुढे चालत होती, आणि निरीक्षक तिच्यापेक्षा एक पाऊल मागे. चौकापर्यंत ते तसेच गेले.

"तुला कधी कळलं ते?" शेवटी निरीक्षकांनी विचारलं.

"काय?"

"तेच. सोबतीचं."

"पत्र छापून आलं तेव्हाच. मी सातवीत होते. फ्रेम आणायला दुकानात तुमच्याबरोबर मीच आले होते ना, तिथे वाचलं."

"पाच वर्षं झाली." निरीक्षक थांबले. त्यांचा आवाज जरा चढला, कारण आतून जे काही वर येत होतं त्याला दुसरा रस्ता त्यांना ठाऊक नव्हता. "वरचे येतात, समोरच्या येतात, तासभर उभे राहतात. तुला पाच वर्षांपासून माहीत होतं. मग तू एकदाही का नाही आलीस?"

मुलगीही थांबली. "तुम्ही मला कुठे बोलावलंत, बाबा? तुम्ही पेपरला पत्र लिहिलंत."

निरीक्षकांनी मनात चार पर्याय मांडून पाहिले. सगळ्यात लांब पर्यायही बरोबर नव्हता. लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तशी मुलीने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "उद्या सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, तुझ्या अभ्यासात व्यत्यय येत नसल्यास, आणि तुझी काही हरकत नसेल तर..."

"बाबा."

"काय?"

"हे पुन्हा पत्रच झालं."

निरीक्षकांनी इकडे तिकडे पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. तरीही त्यांचे कान लाल झाले.

"येतेस का?" त्यांनी विचारलं.

"येते की," मुलगी म्हणाली आणि त्यांच्या शेजारून चालू लागली. "पण बसायला नको. फिरायला जाऊ."